दहा पानं बाकी

चंद्रपूरचा पिनकोड ४४२४०१ आणि गडचिरोलीचा ४४२६०५. मोठ्यातून लहान वजा केला की उरतात २०४. या २०४ मधल्या अंकांची बेरीज ६. आता २०४ ला ६ ने भागा. भाग पूर्ण जातो आणि येतात ३४. एमएच-३४ म्हणजे चंद्रपूरच्या गाड्यांची पाटी!

हा शोध मी सर्वप्रथम घरात जाहीर केला. बायको म्हणाली, "आणि गडचिरोलीची पाटी?" गडचिरोलीची पाटी एमएच-३३. ती या हिशेबात कुठेच बसत नाही. "म्हणजे एकाच जिल्ह्याचा शोध लागला," असं म्हणून ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत निघून गेली. तिला तीनपर्यंतचे आकडे पुरतात आणि तेवढ्यावर आमचा संसार उत्तम चाललेला आहे. मला मात्र चैन पडेना. २६ ऑगस्ट १९८२ ला आमच्या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. वाटणीनंतर दोन भावांत काय नातं उरलं ते शोधण्याचं काम सरकारने कोणाला नेमून दिलेलं नाही, म्हणून ते मी करतो. विनामूल्य.

चंद्रपुरात राहणाऱ्याने औष्णिक वीज केंद्राबद्दल बोलायचं ते एकतर राखेबद्दल, नाहीतर उन्हाळ्याबद्दल, अशी रीत आहे. मी तिसरंच बोलतो. केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. ही संख्या ३६५ ची बरोबर आठपट. एवढ्यावर कोणी थांबेल, मी थांबत नाही. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा: ९२२०. चढत्या क्रमाने लावा: ०२२९. वजाबाकी करा: ८९९१. त्याच रीतीने पुढे ९९८१ मधून १८९९ गेले, ८०८२. मग ८५३२. मग ६१७४. आता ६१७४ वर जन्मभर हाच प्रयोग करत बसा, ६१७४ च येत राहतील. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ती इथे येऊन पडते. दुर्गापूर रस्त्यावर चहा पिताना मी हे एका सद्गृहस्थांना नॅपकिनवर करून दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहाचे पैसेही दिले, आणि त्यानंतर त्यांनी टपरी बदलली.

हे ६१७४ चं गुपित १९४९ साली जगापुढे मांडलं ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचे. विद्यापीठाची खुर्ची नाही, मोठी पदवी नाही. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळायचं. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, अशा २०४ सारख्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं. गणितज्ञ हार्डी ज्या टॅक्सीत बसून आजारी रामानुजनना भेटायला गेले तिचा १७२९ हा नंबरही हर्षद निघतो: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी त्या वेळी मास्तरांच्या या खेळाला नाकं मुरडली. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाने त्यांना ओळखलं.

कापरेकरांची आणि माझी खोड एकच. फरक इतकाच, की त्यांना ती एकट्याने करता यायची. मला आकडा सापडला की ऐकायला माणूस लागतो. तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं मोजून घेतात त्या जागी, जे झालं ते यामुळे झालं.

माझा भाचा धानोरा तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेचं दप्तर सांभाळतो. २००६ चा वनहक्क कायदा झाला, त्यानंतर गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांकडे आपापल्या जंगलाचा कारभार आला. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरांवर. (सुमारे म्हटलं की माझा रस संपतो, पण लोकांचा तिथे सुरू झाला.) पुढे ग्रामसभा बांबूबरोबर तेंदूचाही व्यवहार स्वतः करू लागल्या. लिलाव त्यांचा, फळी त्यांची, हिशेबही त्यांचा. मे महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामाजी, हिशेबाले एक मानूस कमी पडून राहिला. तुमाले आकडे आवडते ना, मंग या ना!"

आकड्यांची आवड आणि हिशेबाची अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मी गेलो. एसटी मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पुलावर आली. पुढे गडचिरोलीत गाडी बदलायची होती, ती चुकली. स्टँडवर उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीच्या नंबरमधून मी ६१७४ काढत होतो. ते निघाले, आणि माझी गाडीही निघाली.

ज्यांनी तेंदूचा हंगाम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात. ऊन चढलं की ते काम होत नाही. ज्या झुडपांची आधी छाटणी झालेली असते त्यांना कोवळी, मऊ पानं फुटतात आणि विडीला तीच लागतात. वाघ आणि अस्वल त्याच झुडपांमागे असतात. या हंगामात जंगलातून परत न आलेल्या बाया आमच्या दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी मोजाव्या लागतात, आणि त्या आकड्याशी मी कधी खेळत नाही. दुपारी घरोघरी सगळं कुटुंब पानं जुळवत बसतं. म्हातारी, शाळेची पोरं, नवी सून, सगळ्यांचे हात चालू. सत्तर पानांचा एक पुडा, सालीच्या दोरीने बांधलेला. संध्याकाळी पुडे फळीवर येतात. तिथे फळीमुन्शी ते रांगेने मांडून मोजून घेतो, कार्डावर लिहितो, आणि मग ते मोकळ्या जमिनीवर वाळत पडतात. मजुरी शेकड्याने, म्हणजे शंभर पुड्यांना इतके. हजार पुड्यांची एक गोणी. ठेकेदार भाव बोलतो तो गोणीवर.

मी मुन्शीच्या शेजारी खाटेवर बसलो. माझ्याकडे काम सोपं होतं: तो जे आकडे बोलेल ते रजिस्टरात उतरवायचे आणि खाली बेरीज मारायची. पहिली संध्याकाळ मी शहाण्यासारखा वागलो. दुसऱ्या संध्याकाळी बरेच पुडे यायला उशीर होता, बाया अजून वाटेत होत्या, आणि माझ्या हातात पेन होतं.

मी मुन्शीला विचारलं, "या गावातून एक कोटी पानं निघाली, तर पुडे किती?"

मुन्शी म्हणाला, "जेवढे निघन तेवढे."

मी रजिस्टरच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. एक कोटी भागिले सत्तर. एक आला, चार आला, दोन आला. पुढचे अंक लिहिताना माझा हात थरथरू लागला. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! १,४२,८५७!

वाचकहो, हा आकडा मी कॉलेजात असल्यापासून ओळखतो. याला दोनाने गुणा: २,८५,७१४. तिनाने गुणा: ४,२८,५७१. चाराने: ५,७१,४२८. पाचाने: ७,१४,२८५. सहाने: ८,५७,१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळीकडून. आणि साताने गुणलं की ९,९९,९९९. शिवाय हा हर्षद: अंकांची बेरीज २७, आणि २७ गुणिले ५,२९१ म्हणजे पुन्हा हाच. शिवाय मास्तरांच्या नावाने ज्यांना कापरेकर संख्या म्हणतात त्यांतही हा आहे. याचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करा आणि बेरीज घ्या. परत १,४२,८५७! इतके दिवस ज्याला मी पुस्तकात भेटत होतो, तो इथे धानोऱ्याच्या जंगलात, तेंदूच्या फळीवर, मुन्शीच्या रजिस्टरात येऊन बसला होता.

मी खाटेवर उभा राहून ओरडलो.

काय ओरडलो ते आता आठवत नाही. बहुधा "सापडला!" असावं. नेमक्या त्याच वेळी डोक्यावर पानांची ओझी घेतलेल्या बाया फळीवर शिरत होत्या. ज्या गावात मोहाच्या दिवसांपासून अस्वलाची चर्चा चाललेली असते, तिथे खाटेवर चढून "सापडला" म्हणणाऱ्या माणसाला काय सापडलं असेल याबद्दल कोणाला शंका नसते. कोणीतरी "अस्वल!" म्हणालं. एक बैल दावं तोडून निघाला. पोरं झाडावर, बाया उलट्या वाटेला. जे पुडे त्या दिवसाच्या मोजणीसाठी घरवार रांगेत मांडले होते त्यांवरून बैल गेला, त्याच्यामागे दोन कुत्री गेली, आणि कुत्र्यांमागे भाचा. पाचसात घरांचा माल एकात एक मिसळला. मोजणी व्हायची होती.

मुन्शीने काठी उचलून चारी दिशांना पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "कुठी हाय अस्वल?"

मी रजिस्टर पुढे केलं.

पुढच्या काही मिनिटांबद्दल मी लिहिणार नाही. भाच्याने मला "मामाजी" म्हणणं तेवढा वेळ थांबवलं होतं, एवढं सांगतो. मला वाटलं आता रात्रभर मोजणी, भांडणं, आणि पहाटेच्या एसटीने माझी पाठवणी. तसं काही झालं नाही. बाया परत आल्या, ढिगाऱ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि पुडे उचलून आपापल्या बाजूला टाकू लागल्या. "हा माहा. हा तिचा. हा तिच्या सुनेचा, गाठ ढिली हाये." प्रत्येकीची दोरी बांधायची तऱ्हा वेगळी होती आणि सगळ्यांना सगळ्यांची माहीत होती. मी अंकांवरून जे ओळखायला निघालो होतो ते त्या गाठीवरून ओळखत होत्या, आणि त्यात एकही भागाकार नव्हता. अंधार पडायच्या आत रांगा पुन्हा लागल्या.

आता लोकांना, साहजिकच, हा माणूस कशासाठी ओरडला ते ऐकायचं होतं. मला श्रोते मिळाले. जन्मात इतके कधी मिळाले नव्हते.

"समजा, एक कोटी पानं घेतली," मी सुरुवात केली.

"तुमीच घ्या," एक आजी म्हणाली. "आमी तोडून दमलो."

मी मुद्दा मांडला. एक कोटी पानांचे १,४२,८५७ पुडे होतात. म्हणजे १४२ गोण्या आणि वर ८५७ पुडे. १४२ आणि ८५७ मिळवा, ९९९. चौदा, अठ्ठावीस आणि सत्तावन्न मिळवा, ९९. साताने गुणलं तर नऊच नऊ. मी विजयी मुद्रेने मुन्शीकडे पाहिलं.

मुन्शी गंभीर झाला होता. "काकाजी, हजाराले एक कमी. शंभराले एक कमी. दहा लाखाले एक कमी. तुमच्या या आकड्यात सारीकडं तूटच हाये."

गणितात या गुणधर्माला मिडीचं प्रमेय म्हणतात. मुन्शीने जो निकाल दिला तो मला कुठल्याही पुस्तकात आढळलेला नाही, पण व्यापाराच्या बाजूने तो बिनतोड आहे.

"आन् पानं?" तो म्हणाला. "पुडे झाले, पानं सारी संपली का?"

तोवर मी ते पाहिलं नव्हतं. १,४२,८५७ गुणिले ७० म्हणजे ९९,९९,९९०. एक कोटीला दहा पानं बाकी.

आता इथे मी सावरलो, कारण खरी गंमत या दहा पानांतच आहे, आणि ती मला जमिनीवर पानं मांडून दाखवता आली. बाकी दहा. माल दहापट झाला, म्हणजे दहा कोटी, की या दहाची शंभर होतील. शंभरात एक पुडा जातो आणि तीस उरतात. पुन्हा दहापट, तीसची तीनशे. चार पुडे, वीस उरली. वीसची दोनशे: दोन पुडे, साठ उरली. साठची सहाशे: आठ पुडे, चाळीस उरली. चाळीसची चारशे: पाच पुडे, पन्नास उरली. पन्नासची पाचशे: सात पुडे, आणि उरली दहा. फिरून तिथेच! पुड्यांचे आकडे ओळीने वाचा: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. बाकी राहू शकते ती दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास किंवा साठ, आणि आपला माल या सहाही घरी जाऊन पहिल्या घरी परततो. कोणत्याही घरापासून निघा, फेरा तोच. म्हणून तर या आकड्याला गुणलं की अंक तेच राहतात आणि सुरुवात बदलते.

आठवीतल्या एका पोरीला हे पटकन समजलं. तिने विचारलं, "मंग सत्तरनं कधी पुरतंच नाई का?" मी म्हणालो, एकावर शून्यं कितीही चढवली तरी नाही. सत्तरात सात आहे, आणि दहाच्या घरातली दोन आणि पाच ही बिऱ्हाडं साताला कधी थारा देत नाहीत.

"अन् थे दहा पानं कोनाले?" आजीने विचारलं.

मी म्हणालो, ती गणिताची बाकी आहे, कोणाची नाही.

"मंग मले दे. पन दहा पानाचा पुडा फळीवर कोनी घेत नाई, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मला रजिस्टरापासून दूर ठेवण्यात आलं. सभ्य शब्दांत. भाचा म्हणाला, "मामाजी, तुमी पुडे बांधून पाहा, मजा येते." मी एका पडवीत बसून पानं जुळवू लागलो. पान निवडायचं, फाटकं काढायचं, देठाला देठ लावायचा, आणि हे करत असताना मोजत राहायचं. मी सतरा मोजले की सतरा मूळ संख्या आहे हे आठवायचं. अठ्ठावीस आले की ती परिपूर्ण संख्या, कारण तिचे १, २, ४, ७ आणि १४ हे भाजक मिळवले की तीच येते. छत्तीस हा वर्ग आणि त्रिकोणी संख्याही. त्रेचाळीसपर्यंत येताना मी कुठे होतो ते विसरायचो. शेजारची म्हातारी बोलत, हसत, नातवाला दटावत बांधत होती आणि तिचा पुडा सत्तराचाच निघत होता. माझे पुडे मुन्शीने हातात घेऊन नुसते तोलले. एक परत दिला, "यात कमी." दुसरा परत दिला, "यात जास्त." मोजून पाहिलं तर एकात सदुसष्ट, एकात त्र्याहत्तर. दोन्ही मूळ संख्या आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. एवढी सुधारणा माझ्यात झाली होती.

खरं तर दोष पुड्याच्या मापाचा आहे. पूर्वेला सीमा ओलांडली की छत्तीसगडात पन्नास पानांचा पुडा. तिथे एक कोटी पानांचे सरळ दोन लाख पुडे होतात, बाकी शून्य, ओरडायला जागाच नाही. तिथला मुन्शी सुखी असणार आणि तिथे माझ्यासारखा माणूस उपाशी मरणार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं; झाडांची छाटणी नको, जंगलात आग नको आणि विडीच्या तंबाखूला हातभारही नको. तिथे शून्य भागिले सत्तर, बाकी शून्य. माझ्या मते यापेक्षा स्वच्छ हिशेब दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही, पण त्यावर लेख होत नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "झाला का हिशेब?" मी १,४२,८५७ ची सगळी कथा सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला बसभाड्याचे पैसे तरी दिले का त्यांनी?" ते दिले होते. वर पिशवीभर चारोळी दिली होती. पुढच्या हंगामात भाच्याचा फोन आला तोही प्रेमाचाच होता. फळीच्या दिवसांत येऊ नका, आंब्याच्या दिवसांत या, असं त्याने सुचवलं. रजिस्टर आता ती आठवीतली, म्हणजे आता नववीतली, पोरगी लिहिते. बेरजा चुकत नाहीत म्हणे.

आपल्यापैकी कोणाला ही खोड लागलीच, तर तिला वाव भरपूर आहे. साताप्रमाणे पूर्ण फेरा मारणाऱ्या मूळ संख्या पुढेही आहेत: १७, १९, २३, २९. अकरा आणि तेरा मात्र त्यांत नाहीत. तेराचा फेरा अर्ध्यावर मोडतो, १/१३ चे अंक ०७६९२३ एवढेच. अशा संख्या अनंत आहेत असा अंदाज एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडला, आणि तो अजून कोणालाही सिद्ध करता आलेला नाही, म्हणजे जागा रिकामी आहे. सुरुवात १ भागिले १७ पासून करा. सोळा अंक येतात: ०५८८२३५२९४११७६४७. त्याला दोन ते सोळापर्यंत कशानेही गुणा, अंक त्याच क्रमाने फिरतील. फक्त पहिलं शून्य टाकून देऊ नका. आणि १७० पानांचा पुडा कुठेही बांधत नाहीत, तेव्हा हे घरी, कागदावर, बसूनच करा.